दोन पायली बाजरी आणि एक पदवी

आमच्या घरात मला नोकरी शोधून देण्याचं काम देवाकडे होतं. मी नुसते अर्ज लिहीत होतो.

बी.ए. होऊन अकरा महिने झाले होते. शेवगावजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती वस्तीतला मी पहिलाच पदवीधर, त्यामुळे माझी बेकारीही सगळ्या वस्तीच्या मालकीची होती. वडील, म्हणजे आमचे बापू, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी घरात दुसरा पगार सुरू होणं भाग होतं. म्हणून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ते देवाला माझी पूर्ण माहिती पुरवायचे. "हे प्रेमळ पित्या, शांतवनाला त्रेचाळीस टक्के आहेत, थर्ड क्लास आहे, तुझ्यापासून काय लपवायचं?" (देवापासून लपलेलं नव्हतंच. बापूंच्या आवाजामुळे शेजारच्या तीन घरांपासूनही लपलं नाही.)

माझं नाव शांतवन, पण त्या वर्षात मी एका जागी पाच मिनिटं बसलो असेन तर शपथ. पोस्टमन गावात शिरायच्या आत मी त्याला वेशीवर गाठायचो. शेवटी तो मला लांबून बघूनच हात हलवायला लागला.

नोव्हेंबरात एकदाचं राहात्याच्या एका शाळेचं बोलावणं आलं. सोमवारी सकाळी अकराला मुलाखत, मूळ सर्टिफिकेटं सोबत आणावीत, अन्यथा येऊ नये. आणि आदल्याच दिवशी, रविवारी, आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता.

या सणाला ज्याच्या रानात जे पिकलं असेल त्यातलं पहिलं तो वेदीसमोर आणून ठेवतो. बाजरी, भोपळे, कोंबड्या, एखादं बकरू. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. देवाच्या नावाचं धान्य घरात बरकत आणतं, म्हणून इतर समाजाची माणसंही बोली लावायला हौसेनं येतात. आम्हाला शेत नव्हतं. आई दरवर्षी दोन पायली बाजरी विकत घेऊन टोपलीतून न्यायची. त्या वर्षी तिच्या मनानं वेगळंच घेतलं. "विकतचं काय द्यायचं देवाला? आपलं पीक म्हणजे शांत्या. चार वर्षं नगरला ठेवून पिकवलाय." हे तिनं मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी माझ्या कागदांना हात लावू दिला नसता!

तिनं माझी सर्टिफिकेटं आणि मुलाखतीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, टोपलीच्या तळाशी ठेवलं आणि वरून बाजरी ओतली. पाळकसाहेबांचा आशीर्वाद झाला की गुपचूप काढून घ्यायचं, असा बेत. बेत चोख होता. पण आशीर्वाद होतोय न होतोय तोच प्रीतिभोजनाची डाळ करपायला लागली आणि आईला चुलीकडे हाक आली.

इकडे लिलाव सुरू झाला. पुकारणारा कोण, तर मी. पदवीधर, रिकामा आणि बापूंचाच आवाज घेतलेला.

"बोला मंडळी, आता बाजरी! दोन पायली!"

"हिच्यात काय एवढं हाय?" नामदेवशेठ म्हणाले. हे शेवगावच्या बाजारातले आडते. शेतकऱ्यांचा माल विकून देणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे धान्याला हात लावताच त्याचा भाव सांगायचे.

"शेठ, हिच्यात माझ्या आईची प्रार्थना आहे. दाणे मोजाल, पण ती कशी मोजाल?"

मंडळी हसली, शेठना चेव चढला. मी आणखी दोघांना बोलीत त्यांच्यावर घातलं आणि बघता बघता ती बाजरी बाजारभावाच्या दुपटीला नामदेवशेठच्या गळ्यात मारली. टोपली उचलून शेठच्या टेम्पोत ठेवली तीही मीच.

आई पदराला हात पुसत आली. "आपली टोपली रे?"

"विकली. दुप्पट भावानं."

आई मटकन खालीच बसली. तिनं मला सगळं सांगितलं तेव्हा टेम्पोची धूळसुद्धा खाली बसली होती.

मी बापूंची सायकल काढली. आई मागे कॅरिअरवर बसली आणि म्हणाली, "थांब, आधी प्रार्थना करू."

"आई, वेळ नाही."

"मग चालव तू. मी करते."

ती मागून सुरू झाली, "हे प्रेमळ पित्या..." आता बावीस वर्षांची सवय. हे शब्द कानावर पडले की माझे डोळे आपोआप मिटतात. ते उघडले तेव्हा आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीत होतो. काटे काढता काढता आईनं तेवढ्यात आमेन उरकलं.

शेठच्या आडतीवर पोचलो तर टोपली रिकामी होती आणि आमची बाजरी तिथल्या पुरुषभर उंचीच्या राशीवर ओतून वर आणखी चार पोती रिकामी केलेली.

"शेठ," आई हात जोडून म्हणाली, "ती बाजरी नव्हती. माझा पोरगा होता."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. दोन हमाल, आई आणि मी, चौघं त्या राशीत कोपरापर्यंत हात घालून तासभर उपसत होतो. शेवटी एका हमालानं पिशवी वर काढली. "ह्ये बघा, घावलं तुमचं पीक."

मला रडू आलं, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. शेठ मात्र वेगळ्याच विचारात होते. "कागद घेऊन जा. पन मला एक सांग. तीस वर्सं मी बाजरी इकतोय, आन तू ती मलाच दुपटीनं कशी इकलीस? माझ्याकडं लिलाव पुकारायला मानूस न्हाई. येतो का?"

"मी बी.ए. आहे, शेठ," मी कपड्यांवरची बाजरी झटकत ऐटीत म्हणालो. "उद्या माझी मुलाखत आहे."

सोमवारी राहात्याला कारकुनानं सांगितलं की जागा शनिवारीच भरली. माझी पिशवी उघडायचीही वेळ आली नाही. मंगळवारी सकाळी मी नामदेवशेठच्या आडतीवर उभा राहून ज्वारी पुकारत होतो. संध्याकाळी बापूंनी देवाचे आभार मानले. मला वाटतं, टक्क्यांचा उल्लेख नसलेली ती त्या वर्षातली पहिलीच प्रार्थना.

आज आईही नाही आणि बापूही नाहीत. शेठ आहेत. मला ते चारचौघांत अजून ऐकवतात, "ह्याची डिग्री माझ्या मालकीची हाय, लिलावात घेतलीया. ह्यो नुसता वापरतोय."

मी मान डोलावतो. वापरायची वेळही अजून आलेली नाही, हे त्यांना कशाला सांगा.