मळसूत्री जखमा

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मंजुषा खानझोडेंनी उभ्या आयुष्यात मासा तोंडात घातला नव्हता. नागपूरच्या माहेरी अंडंसुद्धा अंगणात, वेगळ्या पातेल्यात उकडायचं. पण साठी ओलांडल्यावर त्या दर शनिवारी दोन तास गाडी चालवून केप कॉडच्या किनाऱ्यावर जाऊ लागल्या आणि तिथे चाळणीत सील या समुद्री प्राण्याची विष्ठा धुऊ लागल्या. धुता धुता सीलनं खाल्लेल्या माशांच्या कानातले खडे हाती लागत, तांदळाच्या कणीएवढे. खडा बघून मासा ओळखायचा. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला हे काम असं मानवलं की नवरा, विनय, सगळ्यांना सांगत सुटायचा, "ऑफिसातले बग संपले, आता ही सीलच्या पोटातले काढते."

हा सगळा अभ्यास रुचा नावाच्या संशोधिकेचा होता. अमेरिकेतच, नेपरव्हिलला जन्मलेली, तिशीतली मराठी मुलगी. एकाच कळपातले सील एकसारखं खात नाहीत, हे तिला दाखवायचं होतं. एक मादी वाळूत दडणाऱ्या सुतासारख्या माशांवरच राही, तर तिच्या शेजारची तळाच्या चपट्या माशांशिवाय कशाला तोंड लावत नसे. "मावशी, दे आर ऑल पिकी ईटर्स," रुचा म्हणायची. मंजुषाताई गळ्यावरच्या ठिपक्यांवरून एकेक सील ओळखायला शिकल्या. मानेवर दुहेरी वळ असलेल्या एका थोराड नराला त्यांनी 'भाऊसाहेब' म्हणायला सुरुवात केली. तो वाळूवर असा पसरायचा, की जणू सगळा किनारा त्याच्याच नावावर आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत किनाऱ्यावर सीलची सहा पिल्लं मरून पडली. प्रत्येकाला एकाच तऱ्हेची जखम होती. मुस्कटापासून सुरू होऊन अंगाभोवती मळसूत्रासारखी फिरत गेलेली, कडा सुरीनं कापल्यासारख्या. बोटीच्या पंख्याशिवाय अशी जखम कशानं होणार? आणि त्या भागात रोज फिरणारी बोट एकाच माणसाची होती. मॅनी सिल्व्हिया, तीन पिढ्यांचा कोळी.

गावच्या सभेत मॅनी उभा राहून म्हणाला, "माझी बोट नाही. मोठा नर पिल्लू मारून खाताना मी डोळ्यांनी पाहिलंय." सभागृहात हशा पिकला. मंजुषाताईही हसल्या. सील मासे खातो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! हातात खड्यांच्या शेकडो डब्या होत्या. घरी येऊन त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र धाडलं, मॅनीचं आणि त्याच्या बोटीचं नाव घालून. ते पहिल्या पानावर छापून आलं.

या जानेवारीत, एका स्वच्छ सकाळी, त्या रुचाबरोबर किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वाळूच्या टेकाडाआड दुर्बीण लावून बसल्या होत्या. दूध तुटलेलं एक पिल्लू पाण्याच्या कडेला एकटंच पडलं होतं. भाऊसाहेब सरपटत त्याच्याकडे निघाला. खेळायला चाललाय, असंच मंजुषाताईंना वाटलं.

त्यानं पिल्लाची मान धरली आणि त्याला उथळ पाण्यात ओढून बुडवून धरलं.

"अगं, हा काय करतोय? रुचा, हा काय करतोय!" त्या उठून धावायलाच निघाल्या. रुचानं त्यांच्या जॅकेटची बाही पकडली.

"मावशी, नो. जवळ जायची परवानगी नाही आपल्याला."

"अगं, मारतोय तो त्याला!"

"आय नो." रुचानं वही पुढे केली. "तुम्ही बघा. टाइम लिहा. प्लीज."

त्यांनी डोळा पुन्हा दुर्बिणीला लावला. पिल्लाची धडपड थांबली होती. भाऊसाहेबानं त्याच्या मुस्कटाशी दात रोवले आणि मान हिसडली. कातडी चरबीसकट फाटत, अंगाभोवती वळसा घेत निघत गेली. कडा सुरीनं कापल्यासारख्या. क्षितिजापर्यंत एकही बोट नव्हती. दहा पावलांवर आणखी दोन नर ऊन खात पडले होते. त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

मंजुषाताईंनी वहीत वेळ लिहिली.  मग त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "मी त्या माणसाचं नाव छापलं गं."

महिनाभर दोघींनी बावीस नरांवर पाळत ठेवली. पिल्लांवर हल्ला करणारा एकच निघाला, भाऊसाहेब, आणि त्यानं आणखी तीन मारली. बाकीचे एकवीस जण आपापल्या वाळूवर पडून होते.

त्याआधीच, बेटावरच्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मंजुषाताई धक्क्यावर गेल्या होत्या. मॅनी जाळं दुरुस्त करत होता. त्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्ही खरं बोलत होतात."

मॅनीनं मान वर केली नाही. "कुठल्या वाळूवर? उत्तरेच्या टोकाला?"

"हो."

"आठ वर्षांपूर्वी मीही तिथेच पाहिलं. गेल्या वर्षी सभेत सांगितलं, तर तुम्ही लोक हसलात." त्यानं गाठ आवळली. "माझी नात सहा वर्षांची आहे. शाळेतून येऊन विचारते, आजोबा, तुम्ही बाळांना मारता? तिला काय सांगायचं, ते लिहा तुमच्या पेपरात."

 आपलं पत्र कोणाच्या तरी नातीपर्यंत पोहोचेल, हे मंजुषाताईंच्या मनालाही शिवलं नव्हतं.

त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. आपण काय पाहिलं, आधी काय न पाहताच लिहिलं होतं, सगळं. खाली पूर्ण नाव घातलं. पेपरानं ते आतल्या पानावर, जाहिरातींच्या शेजारी छापलं. त्या चार वेळा फोन करून भांडल्या. पुढच्या आठवड्यात ते पहिल्या पानावर आलं. त्यातली एक प्रत त्यांनी मॅनीच्या नातीसाठी पाकिटात घालून धक्क्यावर ठेवली. त्याचं उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये त्यांच्या फोनवर एक निरोप आला. आवाज मॅनीचा. "दगडी बांधाजवळ एक पिल्लू वाहून आलंय. मेलेलं. या वेळी आधी येऊन बघा." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला होता.

मंजुषाताईंनी कणीक परातीत तशीच सोडली, विनयला हाक मारून सांगितलं आणि गाडीची किल्ली उचलली.