खांडीत पहिला उतरणारा

काळूराम गेला त्या दिवशी मोठखारात चूल पेटली नाही, असं लोक अजून सांगतात. पेटली होती. त्याच्या बायकोनेच, कमळने पेटवली होती. घर माणसांनी भरलं होतं आणि त्यांना चहा हवा होता. आत येणारा जो तो "देवमाणूस गेला" म्हणत होता आणि कमळच्या तोंडावर एकच प्रश्न येऊन थांबत होता: मग या देवाला वाळीत कोणी टाकलं होतं रे?

काळूरामला छंद किती होते ते मोजण्यात अर्थ नाही. कबुतरं पाळायची, ढोलक्या मढवायच्या, पोरांना पतंग करून द्यायचे. शिमग्याची सोंगं त्याच्याशिवाय निघत नसत. कुणाचा हात निखळला, वासराचा पाय मुरगळला, तर बोलावणं त्यालाच. पावसाळ्याच्या तोंडावर तो सगळ्या गावाची छपरं पेंढ्याने शाकारून द्यायचा आणि स्वतःच्या घरात पाऊसभर भांडी मांडलेली असायची. कमळ बोलली की "करू गो" म्हणायचा. हे "करू गो" ती लग्नापासून ऐकत होती. मिठागरावरचं काम तिने ओढलं, भातलावणी तिने केली, लेकीला, केसरला वाढवली तिने. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, असा नवरा मिळाला. एखाद्या दिवशी तो घेऊन जा आणि बघा, असं तिला वाटायचं. पण न्यायचं कशाला? तो तर त्यांच्याकडेच असायचा.

"तुमच्यामुळं गाव आळशी झालंय," ती त्याला म्हणायची. ते खोटं नव्हतं.

मोठखार धरमतरच्या खाडीला लागून. समुद्र आणि भातशेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, एवढंच. उधाणाच्या भरतीला बांध फाटला की त्याला खांड पडली म्हणायचं. ओहोटी लागली की घरटी एक माणूस टोपली घेऊन यायचा, मग शेत कुणाचंही असो. पण टाकलेली माती वाहत्या पाण्यात टिकत नाही. कुणीतरी आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरून, धारेला छाती देऊन उभं राहावं लागतं. मग त्याच्या पाठीशी चिखलाच्या ढेपा रचायच्या. हे कुणीतरी म्हणजे काळूराम. वर्षानुवर्षं तोच उतरला, त्यामुळे पहिलं उतरायची सवय बाकीच्यांना राहिलीच नाही.

मग तेहतीस साली संप झाला. तो करायलाच हवा होता, याबद्दल कमळचंही दुमत नव्हतं. राबायचं कुळांनी आणि भात जायचं अलिबागेच्या सावकाराच्या कोठारात. बहिरीच्या देवळात गावाने शपथ घेतली: सावकाराची जमीन कुणी कसायची नाही, त्याच्या बांधाला कुणी हात लावायचा नाही. काळूरामनेही घेतली. त्याला कुणी काही म्हणा म्हटलं की तो म्हणायचाच.

दुसऱ्या वर्षी भादव्याच्या अवसेला नेमकी सावकाराच्या बांधाला खांड पडली. गाव बघायला जमलं. खूश होतं. काळूरामने खुंटीवरची टोपली काढली तेव्हा कमळ दारात आडवी झाली.

"कुठं निघालाव?"

"बघून येतो."

"टोपली घेऊन बघतात?"

"अगो, खारं पाणी मुरलं तर तीन वर्सं त्यात भात न्हाय व्हायचा."

"सावकाराचा न्हाय व्हायचा. तुमच्या पोटात का दुखतंय?"

"जमीन कुठं संपावर गेलीय गो?"

"केसरचं लगीन हाय फाल्गुनात! गावानं टाकलं तर मांडवात कोण, मी आणि तुमची कबुतरं?"

तो हसला आणि तिच्या बगलेखालून वाकून निघून गेला.

एकट्याने खांड बुजत नाही. त्याने टाकलेली माती पाणी नेत होतं आणि बांधावर उभं राहून गाव मजा बघत होतं. पंचांमधला नामा सगळ्यात पुढे. या नामाच्या घराचं छप्पर यंदा पावसाआधी काळूरामनेच शाकारलं होतं.

"काळूदादा, सावकारानं पागोटं धाडलंय, बांधून मग उतर!"

"कबुतरांना बोलव रे, पाणी पिऊन टाकतील!" आणखी कुणी ओरडलं.

या दुसऱ्या विनोदाला काळूराम स्वतःही हसला. कमळ मागून आली होती, तिने ते पाहिलं. लोकांच्या टोमण्यांपेक्षा त्या हसण्याचा तिला जास्त संताप आला. ती तशीच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी पंचांनी घर वाळीत टाकलं. विस्तव नाही, बोलणं नाही, गावच्या गोड्या तळ्यावर हंडा भरायचा नाही. कमळ आणि केसर दूर डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून पाणी आणू लागल्या. पण तेही चाललं असतं. अडलं ते धवलारणीपाशी. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधी धवलारीण धवले गाऊन उभा करते. ती नसेल तर ते लग्न कुणी लग्न धरत नाही. मोठखारात धवलारीण एकच, कृष्णाबाई. कमळ तिच्या दारी गेली. कृष्णाबाईने दाराची फळी अर्धीच सरकवली.

"गावाबाहेर कशी गाऊ गो बाय? माझं तोंड गावाचं."

"आणि हात कोणाचा? कोपर निखळलं तेव्हा कोणी बसवलं? वाकतोय ना अजून?"

कृष्णाबाईने तो हात पदराखाली घेतला. "त्याचं मी काय न्हाय म्हणत न्हाय," एवढंच बोलली आणि आत गेली.

मुलाकडच्यांचा निरोप आला: धवलारीण नसेल तर वऱ्हाड येणार नाही. कमळ घरी आली तर काळूराम अंगणात बसून पतंगाला खळ लावत होता. कुणासाठी? नामाच्या पोरांसाठी. ती मागच्या कुडाकडून गुपचूप यायची. कमळने पतंग घेतला आणि गुडघ्यावर मोडला.

"पोरांनी काय केलंय गो?" तो म्हणाला.

"केसरनं काय केलंय?"

तो मोडलेल्या काड्या गोळा करू लागला. उलट बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं; निदान भांडता आलं असतं.

सावकाराच्या शेतात शिरलेलं खारं पाणी हिवाळाभर भरती-ओहोटीला आत-बाहेर करत राहिलं आणि शेत आणि गाव यांच्यामधल्या आतल्या गावबांधाची माती खात राहिलं. तिकडे कुणी पाहिलं नाही. पाहायची ज्याला हौस होती तो वाळीत होता. माघी पुनवेच्या दुपारच्या भरतीला गावबांध फाटला. त्याच्यामागे गोडं तळं. तळ्यात खारं पाणी गेलं की पावसाळ्यापर्यंत गावाने काय प्यायचं?

ओहोटी लागली. टोपल्या घेऊन माणसं जमली आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. उतरेना कुणी. मग नामा चार पंच घेऊन काळूरामच्या दारी आला. कमळ उंबऱ्यात उभीच होती.

"दादा हाय का, वयनी?"

"वाळीतल्या दारात गावाचा माणूस? इटाळ न्हाय व्हायचा?"

"भांडायची येळ न्हाय. तळं जाईल."

"जाऊ दे. आमचा हंडा कुठं बुडतोय त्यात?"

तेवढ्यात तिला मागच्या दाराचा झापा सरकल्याचा आवाज आला. तिने मान वळवून बघितलं. खुंटीवर टोपली नव्हती. गेला होता! पाच महिने ज्यांनी तोंड फिरवलं त्यांच्यासाठी, न विचारता, न अडता, मागच्या दाराने. त्या क्षणी तो समोर असता तर तिने त्याला टोपलीनेच हाणला असता. पण समोर नामा होता. कमळने दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

"निजलाय तो," ती म्हणाली. "मी उठवला तरच उठंल."

"मग उठव की!"

"हळदीला कृष्णाबाय माझ्या मांडवात पायजे. आणि वाळीत उठलं, असं आत्ता बोल. या चौघांसमोर."

"बैठकीशिवाय मी एकटा कसा..."

"मग बसा बैठकीला. मी बी निजते."

नामाने पंचांकडे पाहिलं. त्यांच्यातला म्हातारा येसाजी चिडून म्हणाला, "बोल ना रे! ओहोटी काय तुझ्या बैठकीसाठी थांबणार हाय?"

"उठलं वाळीत," नामा पुटपुटला.

"मोठ्यानं. आणि कृष्णाबाय?"

"येईल! बहिरीची आण, कृष्णाबाय येईल! आता उठव त्याला."

"उठवू कोणाला? तो मघाच गेला मागून. पळा, त्याच्या पाठीला माती टाका, न्हाय तर वाहून जाईल."

नामाचं तोंड बघण्यासारखं झालं. "फसवलंस, वयनी."

"मी न्हाय. तो फुकटच गेलाय, नेहमीसारखा. किंमत मी घेतली."

पंचांसमोर घेतलेली आण मोडायची सोय नव्हती. खांड दिवस मावळायच्या आत बुजली, तळं वाचलं. पण दारात काय झालं ते नामाने कुणाला सांगितलं नाही, पंचांनी नाही, आणि कमळने तर नाहीच. म्हणून गावाला आजही वाटतं की काळूरामच्या मोठ्या मनाने गावाचं मन वितळलं.

फाल्गुनात केसरचं लग्न झालं. कृष्णाबाई आली, पण फुरंगटून गाऊ लागली, मधली कडवी गिळू लागली. कमळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि गिळलेलं प्रत्येक कडवं तिला पुन्हा म्हणायला लावलं. जावयाचे पाय धुवायच्या वेळी काळूराम मांडवात नव्हता. नामाच्या गोठ्यात होता. त्याची गाय अडली होती. त्याला दोघांनी धरून आणला तेव्हा त्याच्या हाताला शेण होतं.

पहिली पंगत उठल्यावर तो जेवायला बसला. चेहरा आनंदाने फुललेला.

"कृष्णाबाय आली बघ," तो म्हणाला. "मनानं मोठी हाय गो बाई. सगळंच गाव मोठ्या मनाचं."

कमळच्या हातात भाताचा डाव होता. तिने तो तसाच मागे घेतला, आणि पातेलं उचलून वऱ्हाडाला वाढायला निघून गेली.