बहिणीकडं घोडीवरून

धारूरच्या सटवाकडं दोन घोड्या आहेत, पांढरी चांदणी आणि तांबूस गुलाब. लग्नसराईत चांदणीवर नवरदेव बसतो आणि सटवा लगाम धरून पुढं चालतो. पौषात मुहूर्त नसतात, तेव्हा दोघी दारातल्या लिंबाखाली कडबा खात उभ्या राहतात. यंदा पौष लागला आणि सकाळी चहा पिता पिता त्याची बायको अंजनाबाई म्हणाली, "आक्काकडं जाऊन यायचं म्हणते. घोड्यांवर. दरीतून."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण दगडाबाई. बालाघाटाच्या पायथ्याला एका वस्तीवर राहते. सडकेनं जीप भला मोठा वळसा घालून तिथं जाते, पण डोंगराच्या पोटातून जाणारी कोरडी, खडकाळ दरी थेट आक्काच्या शेताच्या बांधाला लागते. अंजनाबाईचं लहानपण त्याच दरीत गेलेलं. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा, बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर आणि बिऱ्हाडावर या दोघी बहिणी. लग्नानंतर घोड्या दारातच होत्या, पण तिच्या वाट्याला आलं ते त्यांना चारा घालणं आणि पाणी दाखवणं. पाठीवर बसायचं राहूनच गेलं.

"जीप हाय की," सटवा म्हणाला.

"जीपमधून दरी दिसत न्हाई."

सटवा भांडखोर नव्हता, पण अडचणी काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं. घोड्यांचे नाल झिजलेत, म्हणाला. अंजनाबाईनं बाजारातून नालबंदाला बोलावून आणलं. दरीत पाणी नसंल, म्हणाला. तशी ती माळावर मेंढरं चारणाऱ्या उत्तरेश्वरला गाठून आली. त्यानं काठीनं मातीत रेघा ओढून सगळं समजावलं होतं. "कुंडाला पाणी हाय, काकू. पर जुनी वाट पावसाळ्यात ढासळली. कवठाच्या झाडापासून डाव्या अंगानं उतरा. अन खडक सकाळच्या पारीच पार करा, दुपारी लई तापतोय."

शेवटी सटवानं दरीतल्या बिबट्याचं नाव काढलं.

"दोन घोड्या, दोन माणसं," अंजनाबाई म्हणाली. "त्योच पळंल."

मग तिनं खोगिरावरची आरसे लावलेली मखमल सोडवली, खाली घोंगडीची जाड घडी घातली, हरभरा भिजत टाकला. सटवा खोगीर आवळायचा तंगाचा पट्टा उगीच घट्ट-सैल करत बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तू बस. मी लगाम धरून चालत येतो."

"एवढी दरी चालत? कावून?"

त्यानं पट्टा खाली ठेवला. "मला बसता येत न्हाई, अंजने. पोरपणी एकदा आपटलो. तवापासून खालूनच धंदा केला."

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तिला असं हसू फुटलं, की सटवालाही हसावं लागलं.

गावाबाहेरच्या ओढ्यात मऊ वाळू होती. रोज पहाटे ती त्याला तिथं नेऊ लागली. "गुडघ्यानं धरा, हातानं न्हाई. ताठ बसा, नवरदेवावानी." पहिल्या दिवशी तो दोनदा वाळूत उतरला, तेही त्याच्या मनात नसताना. पुढं जमलं.

ठरल्या दिवशी उजाडायच्या सुमाराला दोघं निघाली. अंजनाबाई काष्टा मारून गुलाबवर, सटवा चांदणीवर. कवठापाशी उतार लागला आणि चांदणी थांबली. डांबरी सडकेवर वाढलेली घोडी, समोर नुसता उघडा खडक. थोपटलं, चुचकारलं, हरभरा दाखवला, तरी ती हलेना. सटवा खाली उतरला, तिच्या कानाशी गेला आणि तोंडानंच वरातीचा बँड वाजवू लागला. चांदणीनं कान टवकारले, मान डोलावली आणि एकेक पाय उचलत ठेक्यात खाली उतरली. अंजनाबाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

खाली दोन्ही अंगांना तांबडे-काळे कडे उभे होते, वर आभाळाची निळी पट्टी. कुंडावर घोड्या पाणी प्यायल्या. यांनी भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली. "इथं आमच्या मेंढरांचा वाडा बसायचा," तिनं दाखवलं. सटवा कधी नव्हे ते बराच वेळ वर बघत राहिला.

दगडाबाई शेतात हुरडा भाजत होती. बांधावर दोन घोड्या बघून तिनं कपाळावर आडवा हात धरला. "कुणाची वरात म्हणायची ही?"

"तुझीच. चल, बस."

दगडाबाईचे गुडघे गेलेले. तरी तिनं आढेवेढे घेतले नाहीत. दोघांनी तिला बांधावरून गुलाबच्या पाठीवर चढवलं आणि ज्वारीच्या कडेकडेनं फिरवलं. वर बसल्यावर तिची पाठ आपोआप ताठ झाली. "खाली उतरवायची घाई करू नका," ती म्हणाली. हुरडा थोडा करपला, पण सगळ्यांनी तसाच खाल्ला.

उन्हं कलायला लागली तशी दोघं परत फिरली. दरीत सावली पडली होती, खडक अजून उबदार होता. चांदणी चढ बँडशिवायच चढली. वर माळावर वाट रुंद झाली तसा सटवानं लगाम सैल सोडला. चांदणी दुडक्या चालीनं पळू लागली.

"अवं, हळू," अंजनाबाई मागून म्हणाली आणि गुलाबला टाच मारली.