का-मास्तरांचा वर्ग

मास्तरांचं खरं नाव कॉलेजात पगार काढणारा सोडला तर कुणाच्या ध्यानात नव्हतं. समोरचा काहीही बोलला की ते विचारायचे, "का?" म्हणून का-मास्तर. शिकवायचे ग्रीकांचं तत्त्वज्ञान. अथेन्सच्या बाजारात अनवाणी फिरून, 'मला काही माहीत नाही' म्हणत ज्याला त्याला 'न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय' असं छेडणारा सॉक्रेटिस त्यांना घरच्या माणसासारखा. लोकांनी वैतागून त्याला विष पाजलं, हे सांगताना मास्तर हटकून पाणी प्यायचे.

यंदा वरून फर्मान आलं. दहा पोरं भरली तर वर्ग, नाहीतर कुलूप. मास्तर प्रवेशाच्या टेबलाशी बसले. पंखा नुसती मान हलवायचा. शेजारी हिशेबाच्या विषयाला रांग, यांच्यापुढं माशा.

तरी पोरं यायची. पण अर्ज घ्यायच्या आधी मास्तर विचारायचे, "हाच विषय का?" पोरगं काहीतरी सांगायचं, त्यावर आणखी एक 'का' यायचा, आणि पोरगं खरोखरच विचारात पडून अर्जासकट उठून जायचं.

"दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला 'खरंच हवंय का' म्हणून विचारतात होय?" शेजारचा कारकून म्हणायचा.

"विचारलं तर निम्मी दुकानं बंद पडतील."

"निम्मी राहू द्या. आपलं पडतंय."

त्यातूनही चिवट अशी नऊ उरली. शेवटच्या दिवशी बायकोनं डबा हातात देताना बजावलं, "आज तोंड उघडायचं ते फक्त जेवायला."

दुपार कलल्यावर एक मुलगी आली. "काकांनी सांगितलं, सोपा विषय आहे, पास होशील."

मास्तरांनी डब्याकडं बघितलं. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. कारकुनानं शिक्का उचलला.

"आणि काकांनी सांगितलं नसतं तर?"

कारकुनानं डोळे मिटून घेतले. मुलीनं अर्जावरचा हात काढला. "मोटारदुरुस्ती शिकले असते. घरी कुणी विचारलंच नाही." मग उठली. "येते सर." अर्ज तिथंच राहिला.

"मारू शिक्का? ती काय बघायला येतेय?"

"का मारायचा?" मास्तर म्हणाले, पण या 'का'त जीव नव्हता.

"तुमच्या त्या अनवाण्याला विष दुसऱ्यांनी तरी पाजलं. तुम्ही आपल्या हातानं ढवळून पिताय."

वर्गाला कुलूप लागलं. मास्तरांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. लोक उत्तर घ्यायला येतात, हे त्यांनाच प्रश्न विचारतात. रांग फाटकाबाहेर जाते, शिव्या आत येतात.

पहिल्या दिवशी घरी येऊन ते चपला न काढताच खुर्चीत टेकले.

"आता पुढं काय?" बायकोनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"हे लग्नापासून ऐकतेय. आधी वाटायचं, विनय आहे." तिनं त्यांच्या पायातल्या चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या.