जादूगाराचं मामकूळ

माणसानं हवं ते खोटं सांगावं, पण ते आधीच्या खोट्याशी जुळलं पाहिजे, असं मानणारा माझ्या बायकोच्या मामांइतका कडक माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल. मामा बाळापूरचे. शेती भाजीपाल्याची, पण जीव सगळा सोयरिकी जुळवण्यात. मुलाकडच्यांनी सांगितलेलं ते जसंच्या तसं कधीच धरत नाहीत. बडनेऱ्याला एक मुलगा रेल्वेत आहे म्हटल्यावर स्वतः तिथे जाऊन, फलाटावर चहा पीत, तो खरंच कामावर येतो का हे बघून आले. मुलगा वेळेवर आला, तेव्हा कुठे मुलीच्या बापाला मामांचा होकार मिळाला.

त्याच फेरीत ते अमरावतीला आमच्याकडे मुक्कामाला राहिले. रविवार होता आणि आम्ही मित्र हॉलमध्ये आमचा खेळ मांडून बसलो होतो. राजे-राक्षसांच्या एका काल्पनिक जगात प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत त्या पात्राची गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. मामा कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत होते. माझ्या मित्राचा, प्रशांतचा योद्धा म्हणाला, की आईनं दिलेला ताईत माझ्या गळ्यात आहे. "थांब बापू," मामा म्हणाले. "मंघाशी तं तूच सांगतलं, माय बाळंतपनातच गेली. मंग ताईत कोनं देल्ला?"

तेव्हापासून मामा दर रविवारी एस.टी.नं हजर. फाशांना हात लावत नाहीत, फक्त चौकशी करतात. जादूगार तीनशे वर्षांचा, तर त्याचा सख्खा धाकटा भाऊ वीस वर्षांचा कसा, याचा खुलासा होईपर्यंत त्यांनी आम्हाला नदीवरचा पूल ओलांडू दिला नाही. "जादूगाराचं मामकूळ कोनतं?" या प्रश्नात एक दुपार गेली, पण त्यातून जादूगाराला अशी एक खमकी मावशी मिळाली, की पुढे राक्षसांच्या तावडीतून तिनंच आम्हाला सोडवलं. खरं सांगतो, त्याआधी आमची पात्रं नुसती तलवारी घेऊन फिरत होती. मामांनी त्यांना गाव दिलं, सोयरे दिले, आणि मग ती माणसांसारखी वागायला लागली.

यंदा उन्हाळ्यात अकोल्याला माझे वडील वारले. खेळ बंद पडला. मग घरात करमेना म्हणून मीच सगळ्यांना पुन्हा बोलावलं. माझा धनुर्धर तेव्हा एका तिठ्यावर उभा होता. आता कुठे जाणार, असं प्रशांतनं विचारलं. "घरी," मी म्हणालो, "बाबांना विचारून येतो." बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. धनुर्धराचा बाप लढाईत मेला, हे मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याच्या मरणावरच धनुर्धराची सगळी गोष्ट उभी होती. सगळे मामांकडे बघायला लागले. मला मात्र बोललेलं मागे घ्यायचं नव्हतं. निदान त्या एका घरी तरी बाप असू द्यावा, असं फार वाटत होतं, आणि मामा असलं काही सोडणारे नव्हते.

मामांनी चष्मा काढून पुसला. "जवाईबापू, बाप मेल्याची खबर कोनं आनली होती?"

"एका घोडेस्वारानं."

"तुमच्या वळखीचा होता?"

"नाही."

"तुमी सोता पायलं?"

"नाही."

"मंग कशी धरता ते खबर? ऐकीव गोष्टीवर म्या आजवर एक सोयरीक मोडली नाई, अन् तुमी बाप मारून टाकता. जखमी झाला असन, पडला असन कोन्या गावात. जा घरी. असन तो."

धनुर्धर घरी गेला. बाप ओसरीवर बसला होता. इतके दिवस कुठे होता, कोणी जेवू घातलं, पाय कशानं गेला, अशी मामांनी त्याची कसून चौकशी केली. बापाची उत्तरं मी देत होतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या जिवंत असण्यात कुठेही फट उरली नाही.

आता दर रविवारी आल्या आल्या मामा आधी त्याची खुशाली विचारतात आणि मगच चहा घेतात. मी सांगतो, बरे आहेत, काठी घेऊन चालतात थोडं. मामा समाधानानं मान हलवतात. अकोल्याची खबर ऐकीव नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिथे अग्नी मीच दिला होता, आणि मामा माझ्या शेजारी उभे होते.