कोक्कोच्या काड्या

सफरचंद कानाशी धरून आजोबा बोटाच्या पेरानं ठकठक करत आणि समोरच्याला दम देत, "झोपलंय. हात लावू नका."

आवाज असा, की टोकियोच्या एदोगावा भागातले कावळे नदी ओलांडून पलीकडच्या चिबात बिऱ्हाड करत. खोटं वाटत असेल तर हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत कुणालाही विचारा. भूकंपानंतर आजोबा फुकुशिमाहून खालच्या मजल्यावर लेकीकडे राहायला आले.

त्यांची बाग कोक्कोची. हे जुन्या जातीचं सफरचंद तोडाल तेव्हा दगड, पण लाकडी पेटीत भाताच्या तुसात निजवलं की वसंतात मधाळ. नव्या जातींना ते 'साखरेचे फुगे' म्हणत. खरा राग मात्र गिऱ्हाइकांवर. भूकंपात तिथली अणुभट्टी फुटली, तेव्हापासून पेटीवरचं गावाचं नाव वाचून लोक हात मागे घेत.

"भूकंपात एक झाड पडलं नाही," ते गरजत. "झाडांच्या साली धुतल्या, खरवडल्या, फळं तपासून घेतली. मग तुम्ही लोकांनी झाडं पाडली."

विक्री बसली, भावानं बाग तोडली. उरल्या मूठभर काड्या, वसंतात कलमं करायला. तोवर त्या गार, ओल्या राहायला हव्यात. लेकीचा फ्रिज चिमुकला, माझा इडलीच्या पिठासाठी घेतलेला हत्ती. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी त्या माझ्याकडे ठेवल्या. "शेजारी पिकलं फळ ठेवून काड्या मारल्यात तर याद राखा."

माघी गणपतीला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. ऑफिसातून येते तो काड्या हीटरवर ओळीनं वाळत घातलेल्या.

"गुणाची गं," सासूबाई म्हणाल्या, "होमाला समिधा आठवणीनं आणल्यास. पण ओल्या कशा ठेवल्यास?"

काड्या खालच्या आजोबांच्या बागेतल्या आहेत असं सांगते, तेवढ्यात तेच दारात. ते जपानीत, सासूबाई मराठीत. एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, पण एकही अपमान वाया गेला नाही.

"लाकडंच ना? यांच्या बागेत ढीगभर मिळतील."

"काय म्हणतात त्या?" आजोबांनी मला विचारलं.

"चूक झाली म्हणतात."

"खोटं."

"आई, बाग तोडली त्यांची," मी म्हटलं.

"सगळी?"

सासूबाई खाली बसल्या. एकेक काडी उचलून आजोबांच्या हातात देऊ लागल्या. ते नखानं साल खरवडत. तपकिरी. तपकिरी. एकीच्या सालीखाली तेवढं हिरवं दिसलं. ती ओली राहावी म्हणून त्यांनी दातांत आडवी धरली आणि घरातल्या सपातांवरच फुनाबोरी स्टेशनची वाट धरली. शिव्या द्यायला तोंड मोकळं नव्हतं. त्या डोळ्यांनी दिल्या, आम्हां दोघींना.

लेक सांगते, ते गावीच राहिलेत. फोन उचलतात, पण नुसतं "हूं" करतात. मला विचाराल तर काडी अजून दातांत आहे.