काळू रेकॉर्ड, नंबर सात

जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, रेकॉर्डी आणि किस्से. रेकॉर्डींवर निदान धूळ तरी बसते. किस्से आम्ही इतक्यांदा काढतो की त्यांच्यावर धूळ बसायला वेळच मिळत नाही. माझी बायको म्हणते, ‘रेकॉर्डी देऊन टाका आणि किस्से ठेवा, कपाट तरी मोकळं होईल!’

आमची टोळी तिघांची. माझं मुरबाडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पांडुरंग मुरबाड-कल्याण जीप चालवतो आणि धसईच्या पलीकडच्या गावात राहतो. तिसऱ्या वैशाली मॅडम, शहापूरच्या शाळेत मराठी शिकवतात. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली घ्यायचं, जळक्या मोटारी बाजूला सारायच्या आणि प्लेअर लावायचा, हा आमचा नेम.

सिनेमाची गाणी आम्ही घेत नाही. एके काळी आमच्या भागातल्या लाउडस्पीकरवाल्यांनी आणि मंडपवाल्यांनी हौसेपोटी आपापल्या रेकॉर्ड कंपन्या काढल्या होत्या. गावचं भजनी मंडळ, बेंजो पार्टी, लग्नात धवले गाणारी धवलारीण, जे सापडेल ते रेकॉर्ड करायचं, मुंबईहून थोड्या तबकड्या छापून आणायच्या आणि म्हसा गावच्या जत्रेत विकायच्या. बहुतेक कंपन्या एका हंगामात झोपल्या. त्या झोपलेल्या कंपन्यांच्या रेकॉर्डी आम्हाला पाहिजे असतात. कुणाला हे वेड वाटतं. वाटू दे. या विषयात आमच्याइतकं कळणारा माणूस कल्याणच्या अलीकडे नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

*

वाशिंदच्या नव्या सोसायटीतून एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांच्या खूप रेकॉर्डी आहेत, येऊन बघा म्हणाले. आम्ही तिघं गेलो. त्यांनी सोफ्यावर एकेक कव्हर मांडलं. सगळी हिंदी सिनेमाची, एकदम नव्यासारखी. आम्ही चहा प्यायलो, छान आहेत म्हणालो आणि उठलो.

दारातून बाहेर पडताना मॅडम थबकल्या. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली, पाणी गळू नये म्हणून, एक काळी तबकडी ठेवली होती. मॅडम चपला काढून खाली बसल्या, कुंडी उचलली, पदराने चिखल पुसला आणि लेबल वाचलं. डोळखांब भागातलं भजन होतं. ते आम्ही तीन वर्षं शोधत होतो.

‘ही देता का?’ मॅडमनी विचारलं.

गृहस्थ मग आत गेले आणि कुंडीखाली ठेवायला सिनेमाची एक रेकॉर्ड घेऊन आले.

*

आता पांडुरंगाचं सांगतो, कारण आमचे बाकीचे किस्से शेवटी तिथेच येऊन मिळतात.

पांडुरंगाची आई सखूबाई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, पण हळदीपासून सगळं लग्न धवलारीण गाऊन लावते. पांडुरंग पाच वर्षांचा असताना काळू रेकॉर्ड नावाच्या कंपनीचा मालक, म्हणजे मुरबाडचा एक मंडपवाला, मशीन घेऊन त्यांच्या घरी आला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या बांधल्या. पांडुरंगाला कोंबड्या हाकायला अंगणात उभं केलं. त्यामुळे आत आई काय गायली, ते त्याने ऐकलंच नाही. पुढच्या वर्षी ती तापाने गेली. त्याला तिचा चेहरा थोडा आठवतो, हात आठवतात. आवाज आठवत नाही.

घरात त्या रेकॉर्डची एक प्रत होती. पावसाळ्यात तिला बुरशी धरली, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात पांडुरंगाच्या आत्याने ती पापडांच्या शेजारी उन्हात ठेवली. पापड वाळले आणि रेकॉर्डची वाटी झाली. आईमागे पांडुरंगाला या आत्यानेच वाढवलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. ती वाटी तिने टाकली नाही, भिंतीतल्या देवळीत ठेवली आहे. तिच्यावरचं लेबल अजून वाचता येतं: काळू रेकॉर्ड, नंबर सात.

काळूच्या एकूण अकरा रेकॉर्डी निघाल्या. त्यातल्या दहा माझ्याकडे आहेत. नसलेली सात. म्हणजे ती पांडुरंगालाही पाहिजे होती आणि मलाही. कारणं वेगळी होती, आणि माझ्या कारणाची मला पुढे थोडी लाज वाटली, हे आधीच कबूल करतो.

*

पांडुरंगाच्या जीपमध्ये बसणाऱ्याची सुटका नाही. गिअर टाकतानाच विचारणार, ‘घरात जुन्या रेकॉर्डी हायत का?’

एकदा सरळगावच्या पुढे एका म्हातारीने सांगितलं की आहेत, माळ्यावर पेटीभर आहेत. पांडुरंगाने पुढचा मागचा विचार न करता भरलेली जीप तिच्या गावाच्या कच्च्या रस्त्याला घातली. मागे बसलेला एक पोलादी आवाजाचा माणूस भडकला. त्याला कल्याणला कोर्टाच्या तारखेला जायचं होतं. त्याने पांडुरंगाच्या सात पिढ्यांची उजळणी केली.

म्हातारीकडे पेटी निघाली. सगळ्यांना गुळाचा चहा मिळाला. पांडुरंग एकेक लेबल मोठ्याने वाचत होता, नंबर सात काही येत नव्हता. तेवढ्यात तो भडकलेला माणूस उठून जवळ आला आणि म्हणाला, ‘ते परत वाच.’ मग म्हातारीने देऊन टाकलेली ती पेटी स्वतःच मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. पांडुरंगाने उशीर भरून काढायला वेग घेतला, तर हा मागून ओरडला, ‘हळू चालव रे! ह्यात माज्या चुलत्याची भजनं हायत!’

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

दुकानातल्या प्लेअरची मोटार जळली, तेव्हा ती मीच बांधली. सगळ्या तालुक्याच्या मोटारी बांधतो, एवढीशी मोटार काय अवघड! प्लेअर झकास फिरू लागला. त्यानंतर आमच्या लक्षात आलं की आमच्याकडचं भजन इतर भागांपेक्षा चपळ असतं आणि बुवांचे आवाज कोवळे असतात. वर्षभर आम्ही यावर चर्चा केली. मॅडमनी त्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला. डोंगराची हवा, चढउतारावर चालायची सवय, अशी कारणंही दिली. लेखाचं कौतुक झालं.

मग एका रविवारी त्या कुंडीखालच्या रेकॉर्डमधले बुवा स्वतः दुकानात आले. काठी टेकत, नातवाला घेऊन. आम्ही मोठ्या मानाने त्यांना त्यांचीच रेकॉर्ड ऐकवली. ते शांतपणे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, ‘चांगला गातो. कोण आहे हा पोरगा?’

मी लेबल दाखवलं. बुवांनी पेटी मागितली. मॅडमनी शेजारच्या देवळातून आणली. बुवांनी दोन सूर दाबून बघितले आणि माझ्याकडे वळले. ‘मी जन्मभर काळी दोनमध्ये गायलो. हा वर, पांढरी चारमध्ये गातो. मोटार कोणी बांधली?’

मॅडम पुढे महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मी मोटार पुन्हा बांधली. आता रेघा आखलेला कागद तबकडीवर ठेवतो आणि ट्यूबलाइटखाली त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसेपर्यंत, म्हणजे वेग बरोबर जुळेपर्यंत, कुणाला गाणं ऐकवत नाही. पांडुरंग त्या दिवशी जाताना एवढंच म्हणाला की बरं झालं, सात नंबर आधी नाय सापडली. मला चुकीची आय ऐकवली असतीस.

*

सात नंबर सापडली ती धसईच्या बाजारात. तिथे एक मावशी सुकी मासळी विकायला बसते. सुकट, बोंबील, जवळा, प्रत्येक ढिगात एक काळी गोल पाटी खोचलेली आणि तिच्यावर खडूने भाव लिहिलेला. पांडुरंग तिच्याकडून वर्षानुवर्षं सुकट घेतो. त्या दिवशी भाव बदलला म्हणून मावशीने त्याच्यासमोर पाटी उपसली आणि ओल्या फडक्याने पुसली. मधलं लेबल वर आलं.

त्याने मला फोन केला, पण बोलता येईना. मला वाटलं जीप उलटली.

मावशी पाटी सोडायला तयार नव्हती. ‘मंग भाव कशावर लिवू?’ तिचंही बरोबर होतं. शेवटी पांडुरंगाने शाळेच्या दुकानातून चार नव्या पाट्या आणल्या आणि एक घेऊन चार दिल्या. मॅडम माळकरी आहेत, त्यांना मासळीचा वास सहन होत नाही. पण तबकडी त्यांनीच धुतली, साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशने, नाकाला पदर न लावता. चरे होते, पण खोल नव्हते.

मी प्लेअरवर रेघांचा कागद ठेवून तयार बसलो होतो. पांडुरंग म्हणाला, इथे नको. पहिल्यांदा घरी, आत्यासमोर.

*

आत्याने रेकॉर्ड हातात घेतली, कपाळाला लावली आणि पदराखाली धरून बसली. लावायला देईना.

‘मांडव नाय, लगीन नाय, धवला कसा लावता रे?’

मॅडमनी समजावलं की हे नुसतं ऐकण्यासाठी आहे. आत्याला त्यातलं सगळं कळत होतं, म्हणून तर ती ऐकत नव्हती. धवल्यात कुणाचं तरी नाव येतं. ज्याचं नाव आलं, त्याला पाटावर बसवावं लागतं, हळद लावावी लागते. मोकळ्या घरात नाव घेतलं आणि पाट रिकामा राहिला, तर ते बरं नसतं. रेकॉर्ड काढायच्या वेळी वैनीने, म्हणजे सखूबाईंनी, कोणाचं नाव घेतलं, हे तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा विहिरीवर होती. मशीनवाला म्हणाला होता, घ्या कुठलंही एक नाव.

मला वाटलं होतं पांडुरंग भांडेल. पन्नास वर्षं वाट बघितलेला माणूस! तो उठला, रेकॉर्ड धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, ‘सोनलच्या लग्नात लावू.’

सोनल त्याची एकुलती मुलगी. ती तेव्हा शहापूरला औषधांच्या दुकानात नुकती कामाला लागली होती आणि लग्नाचं नाव काढलं की उठून जात होती.

रेकॉर्ड दीड वर्ष माझ्या कपाटात राहिली, कारण उंदीर नसलेली जागा माझ्याकडेच होती. पण मी ती सहा आणि आठच्या मधे उभी केली नाही. वेगळी, आडवी ठेवली. एकदा दुकानात एकटा असताना ती प्लेअरवर चढवली, सुई वर नेली आणि परत आणली. त्याच्याआधी त्याच्या आईचा आवाज ऐकायचा मला काय अधिकार होता? दुसऱ्या दिवशी मी पांडुरंगाला हे सांगितलं. तो म्हणाला, मलाबी रोज तसंच वाटतं.

*

सोनलचं लग्न तिच्या पसंतीने ठरलं, मुलगा वाशिंदला कारखान्यात आहे. तिने बापाला एकच अट घातली, हळदीला डीजेआधी रेकॉर्डवरची आजी गाणार.

हळदीच्या दिवशी सकाळी मी प्लेअर, स्टॅबिलायझर आणि एक ट्यूबलाइट घेऊन मांडवात हजर होतो. मांडवाची वीज कधी कशी वागेल सांगता येत नाही. रेघा उभ्या राहीपर्यंत मी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. डीजेवाल्याने आपणहून मशीन बंद केलं. आत्याने पाट मांडला, दिवा लावला, सोनलला पाटावर बसवलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

आधी नुसती खरखर आली. मग बाईचा आवाज. जाड, सरळ, जराही घाई नसलेला. आत्या पुटपुटली, ‘वैनीच.’ पांडुरंग मांडवाच्या मेढीला धरून उभा होता.

सखूबाईंनी गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, हळद दळणाऱ्या सुवासिनींना बोलावलं. मागे कुठेतरी कोंबडी ओरडल्याचं ऐकू आलं, रेकॉर्डमध्येच. मग नाव घ्यायची जागा आली. तिथे त्या थोड्या थांबल्या, आणि नवऱ्या मुलाच्या जागी एक नाव घेतलं.

पांडुरंग.

पुढच्या ओळीत परत. मग कडव्याकडव्याला, दर वेळी सूर थोडा खाली आणून, माझा पांडुरंग.

मी सुई उचलायला हात पुढे केला, तर मॅडमनी तो धरला. आत्या हळदीची वाटी घेऊन उठली.

‘धवल्यात नाव आलं. ये रे पांडू, पाटावर बस.’

सोनल एका बाजूला सरकली आणि तिने बापाला जागा करून दिली.